एकोणीस दुकानांचा एक नंबर

फोन आला तेव्हा शिवलीला एका म्हातारीचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसत होती. जन्मभर शेण थापून, तूर खुडून त्या अंगठ्यावरच्या रेषा इतक्या झिजल्या होत्या की म्हातारी ही म्हातारीच आहे हे पेन्शनच्या यंत्राला पटत नव्हतं. नंबर अनोळखी होता. शिवलीलानं फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला.

"शिवलीला मॅडम ना? नमस्कार! 'पेठे'त तुम्हाला सहा वर्षं पूर्ण झाली. आमच्या सगळ्यांकडून मनापासून अभिनंदन!"

मुलीचा आवाज होता, मधात घोळवल्यासारखा. शिवलीलानं काही न बोलता फोन कापला आणि म्हातारीला म्हणाली, "अव्वा, दुसरा अंगठा दे बगू."

भालकीच्या बसस्टँडसमोर तिचं दोन खणांचं दुकान. झेरॉक्स, बसपास, पहाणी म्हणजे तिकडचा सातबारा, जातीचा दाखला, सगळे ऑनलाइन अर्ज. गिऱ्हाइकांना फसवे फोन आले की ती शिवलीलाकडं पळत येत. लॉटरी लागली म्हणून, खातं बंद होतंय म्हणून, मुलगा पोलीस ठाण्यात आहे म्हणून. ती फोन स्वतःच्या कानाला लावी, पलीकडच्याला दोन वाक्यं बोलू देई आणि कापून टाकी. लबाड माणूस आधी तुमचंच नाव तुम्हाला विचारतो, हे तिला पाठ होतं. या मुलीनं नाव विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. वर सहा वर्षंही बरोबर मोजली होती. त्या दिवशी तिनं दोन अर्जांत पिनकोड चुकवला.

चार दिवसांनी कुरिअरनं जाड पाकीट आलं. हैदराबादला गेम बनवणाऱ्या कंपन्यांचा दोन दिवसांचा मेळावा होता. 'पेठ' हा खेळ बनवणाऱ्या कंपनीनं शिवलीलाला खास पाहुणी म्हणून बोलावलं होतं. जाण्यायेण्याचं, राहण्याचं सगळं कंपनीकडं. सोबत एका माणसाला आणता येईल. खाली सही: विभा, खेळाडू संपर्क विभाग.

शिवलीलानं ते पत्र तीनदा वाचलं, मागची कोरी बाजूसुद्धा उलटून पाहिली. पत्र खोटं निघालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. खरं असेल, तर कंपनीनं तिच्यापर्यंत यायला तिला एकच कारण दिसत होतं.

ते कारण समजायला तिचा धंदा समजायला हवा.

शिवलीला औराद तालुक्यातली. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात तेलुगू नाहीतर दखनी. पीयूसीनंतर, म्हणजे बारावीनंतर, टायपिंग शिकली, लग्न होऊन भालकीत आली. नवरा काशप्पा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. पंधरा वर्षांपूर्वी तिनं एक जुना कम्प्युटर मांडून दुकान उघडलं. अर्ज सगळे कन्नडमध्ये आणि गिऱ्हाईक निम्मं मराठी बोलणारं, त्यामुळं अर्ज आणि माणूस यांच्या मध्ये ती बसली आणि बसूनच राहिली. तिचे दोन नेम होते. माणूस समोर नसेल तर त्याचा अर्ज भरायचा नाही. आणि खालचं बारीक अक्षर मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय 'मान्य' वर खूण करायची नाही.

दिवसातून वीसदा ती एक प्रश्न विचारी. "नंबर कुणाचा टाकायचा?"

इथं बाया गप्प होत. हातात फोन असे, पोरानं वापरून टाकलेला. पण आतलं सिमकार्ड पोराच्या नावावर, आणि पोरगं स्वस्त स्कीम दिसली की नंबर बदलणार. नवऱ्याचा द्यावा तर नवरा पुण्याला, फोन उचलत नाही. मग ओटीपी कुठं येणार? दरवेळी अर्ज अडके. शेवटी शिवलीला म्हणे, "बरं. माझा टाकते." भालकीतच नव्हे, त्या सगळ्या पट्ट्यात असली दुकानं चालवणारे हेच करतात. असा तिचा एक नंबर दीडेकशे बायांच्या रेशनकार्डांना, गॅसला आणि पेन्शनला चिकटला होता. त्यात काही वावगं आहे असं तिला कधी वाटलं नाही.

सहा वर्षांपूर्वी 'पेठ' मराठीत आला. फोनवरचा साधा खेळ. एका लांबलचक बाजारपेठेत आपलं दुकान थाटायचं, माल भरायचा, गिऱ्हाईक सांभाळायचं. इतर खेळाडूंची दुकानं शेजारी असतात, त्यांच्याशी मालाची देवघेव करायची. शिवलीलानं दुपारच्या रिकाम्या वेळेत मसाल्याचं दुकान टाकलं. बचत गटाच्या बाया कागद घेऊन येत आणि तिच्या खांद्यावरून डोकावत. पहिली रुद्रम्मा. म्हशी पाळणारी, आवाजानं रस्ता अडवणारी. "अक्का, मला बी एक दुकान काढून दे. बांगड्याचं." खेळानं मोबाइल नंबर मागितला. शिवलीलाचा हात सवयीनं चालला. मग अंगणवाडीतल्या संध्यानं साड्यांचं काढलं. मग बाकीच्या. वर्षभरात त्या पेठेत एका रांगेत एकोणीस दुकानं झाली, एक शिवलीलाचं आणि अठरा बायांची, आणि सगळ्यांच्या मागं एकच नंबर.

हसण्यावारी नेण्यासारखी ती गोष्ट राहिली नव्हती. रुद्रम्माच्या दुकानाला तीन मजले होते. त्यावर तिनं स्वतःच्या नावाची पाटी लावली होती. तिच्या घराच्या दारावर, शेताच्या पहाणीवर, म्हशींच्या कर्जावर सगळीकडं नवऱ्याचं नाव होतं. संध्यानं मुलीच्या आजारपणात इस्पितळाच्या बाकावर बसून साड्यांचा एकेक गठ्ठा लावला होता.

मागच्या वर्षी नियम आला, एका नंबरावर एकच खेळाडू. जुन्यांना अजून हात लावला नव्हता. पण शिवलीला रोज भीत भीत खेळ उघडी, आणि ती रांग जागेवर दिसली की श्वास सोडी. आता हे पाकीट. एकोणीस जणींचा नंबर असलेली बाई कोण आहे, ते पाहायला बोलावलं असणार. समोर बसवून कबूल करून घेणार, आणि अठरा दुकानं एका बोटानं पुसून टाकणार.

रुद्रम्मानं पाकीट नुसतं हातात धरून वजन पाहिलं. "एवढा जाड कागद फुकट कोण देतंय? जाऊ नगं अक्का. आजारी पड."

संध्या म्हणाली, "न गेल्यावर त्यांचा संशय पक्का होईल. अक्का, तुम्ही जावा. ऐकून घ्या. सही मात्र कशावर करू नगा."

"ती करंल सही?" काशप्पा मागून म्हणाला. "लग्नात मंगलाष्टका संपल्या तरी हिचं बारीक अक्षर वाचणं चालूच हुतं."

"वाचलं असतं नीट, तर तुमच्या घरी आले असते व्हय?" शिवलीला म्हणाली. बाया हसल्या. ती हसली नाही. त्या रात्री तिनं सुटकेसमध्ये आधार कार्डाच्या झेरॉक्सऐवजी मतदार कार्डाची ठेवली. त्यावर मोबाइल नंबर जोडलेला नसतो, एवढाच विचार.

बीदरला बस बदलून, जहीराबादमार्गे ते दोघं हैदराबादला पोचले.

मेळावा म्हणजे एका छताखाली भरलेली जत्राच होती, फक्त धूळ नव्हती. पंख लावलेली, तलवारी घेतलेली पोरं हिंडत होती. प्रत्येक कंपनीचा मंडप. दारात गळ्यात एक ओळखपत्र अडकवलं, त्यावर चौकटींचं चित्र. शिवलीला बाजूला उभी राहून आधी अर्धा तास नुसतं बघत राहिली. मंडपात शिरणाऱ्या प्रत्येकाचं ते चित्र यंत्राला दाखवून घेत होते. टोपी हवी असेल तर दाखवा. नवा खेळ सगळ्यांआधी खेळायचा असेल तर दाखवा. टोपीच्या आत एक कागद, त्यावरचा कोड घरी जाऊन खेळात टाकला तरच बक्षीस. म्हणजे जत्रा सुटल्यावरही माणूस सुटत नव्हता. ज्यानं चित्र दाखवलं त्याचं नाव यंत्रावर उमटे आणि लगेच आतली पोरगी म्हणे, "अरे, बालाजी! ये ये." बालाजी नावाचं कुणी पोरगं, जन्मात पहिल्यांदा अनोळखी माणसाकडून नावानं हाक ऐकून लाजून हसे आणि तिथंच थांबे. शिवलीलानं मनात टिपलं. नाव आधी गळ्यातून घेतलं, मग तोंडानं परत दिलं.

काशप्पाला असलं काही दिसलं नाही. उसाच्या ट्रॉलीत दगड किती, हे चाकाच्या आवाजावरून ओळखणारा माणूस मंडपामागून मंडप आपला नंबर सांगत सुटला. तासाभरानं आला तेव्हा डोक्यावर दोन टोप्या, हातात तीन पिशव्या.

"किती जणांला नंबर दिलाव?"

"मागितला त्यांला दिलो. चांगली पोरं हायत गं. एकानं तर मला गाडी चालवायला लावली, टीव्हीत. मी पहिला आलो."

"तुमाला मुद्दाम पहिलं काडलेत."

"कामून काडतील? मी चांगलाच चालवलो."

'पेठे'चा मंडप खऱ्या गल्लीसारखा उभा केला होता. दारातच एक पंचविशीची मुलगी पुढं आली, सुती साडी, गळ्यात ओळखपत्र. फोनवरचाच आवाज. तिनं हात जोडले.

"शिवलीलाक्का! शरणू. मी विभा. प्रवासात त्रास नाही ना झाला? आणि दादा, गुडघा कसा आहे आता?"

काशप्पा खूष होऊन गुडघा वाकवून दाखवू लागला. शिवलीलानं मात्र विचारलं, "गुडघ्याचं तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. तीन वर्षांपूर्वी तक्रार लिहिली होती. ऑपरेशनमुळं बारा दिवस खेळता आलं नाही आणि दुकानातली मिरची खराब झाली म्हणून. आम्ही परत भरून दिली होती की." विभा हसली. "मी कलबुर्गीची, अक्का. कडगंचीच्या विद्यापीठात एम.ए. केलं. मराठी, कन्नड दोन्ही येतं म्हणून मला घेतलं इथं."

म्हणजे मासळीला तिच्याच पाण्यातलं आमिष, शिवलीला मनात म्हणाली. तक्रार करणारी विसरून जाते. हे तीन वर्षं जपून ठेवतात.

पण आत गेल्यावर विभानं तिला एका तरुणासमोर बसवलं. प्रणेश, गल्लीची सगळी चित्रं त्यानं काढलेली. तो वही उघडून म्हणाला, "तुम्हाला काय खटकतं ते सांगा. सगळं."

शिवलीला आधी घुटमळली. मग म्हणाली, "तुमच्या पेठेत सकाळचं पयलं गिऱ्हाईक भाव पटला न्हाई की तसंच निघून जातं. आमच्याकडं बोहनीचं गिऱ्हाईक कुणी रिकाम्या हातानं जाऊ देत न्हाई. दोन पैसे कमी घेतील, पण देतील. तुमचा दुकानदार नुसता बघत उभारतो. आमच्या बायांला ते लई लागतंय." ती थबकली. "म्हणजे मला."

प्रणेशचं लक्ष वहीत होतं. त्यानं सगळं लिहून घेतलं, गिऱ्हाइकाला थांबवताना दुकानदार हात कसा करतो तेही करून दाखवायला लावलं. तिनं हात पुढं करून दाखवला. पंधरा वर्षांत तिच्यासमोर इतक्या शांतपणे कुणी ऐकत बसलं नव्हतं. ऐकायची पाळी नेहमी तिचीच. त्या पाच-दहा मिनिटांत ती सैल झाली, आणि उठताना स्वतःवरच चिडली. 'बायांला' हा शब्द तोंडातून गेला होता. विभानं तो ऐकला होता. तिनं काही विचारलं नाही, हेच वाईट.

दुपारी मोठ्या सभागृहात कार्यक्रम होता. समोर इतर कंपन्यांची माणसं, जाहिरातवाले, पैसा लावणारे. शिवलीलाला पहिल्या रांगेत बसवलं. 'पेठे'चा एक साहेब इंग्रजी-हिंदीत बोलायला लागला. गिऱ्हाईक विकत मिळत नाही, नातं जोडावं लागतं, असं तो म्हणाला, आणि मागच्या भिंतीएवढ्या पडद्यावर अक्षरं उमटली. शिवलीला, भालकी.

खाली तिच्या दिवसाचा आलेख. पहाटे साडेचारला दुकान उघडते. दुपारी बारा ते एक. तीन ते पाच. रात्री अकराला पुन्हा. बांगड्यांची आवड, साड्यांची आवड, औषधी मुळ्या, भांडी, बी-बियाणं. सहा वर्षांत एकही दिवस खाडा नाही.

"ती कधी झोपते कोण जाणे!" साहेब म्हणाला. सभागृह हसलं, मग टाळ्या वाजल्या.

शिवलीला पडद्याकडं बघत राहिली. साडेचार म्हणजे रुद्रम्मा, धारेला बसण्याआधी. बारा ते एक म्हणजे अंगणवाडीची पोरं निजल्यावर संध्या. अकरा म्हणजे वसतिगृहात भाकऱ्या थापून घरी आलेली बाई. ती स्वतः होती तीन ते पाचमध्ये, तेवढीच. अठरा बायांचे तुकडे घेऊन यांनी एक बाई शिवली होती, कधीही न थकणारी, कधीही न सोडून जाणारी, आणि तिला शिवलीलाचं नाव दिलं होतं. त्या बाईला टाळ्या मिळत होत्या.

याचा अर्थ यांना अजून कळलेलं नाही, असं तिला वाटलं. हातापायातली भीती उतरली. लगेच दुसरी चढली, कारण साहेब तिला वर बोलावत होता.

तिला शाल घातली, काचेची ढाल दिली. माईक पुढं आला. गप्प बसून ढाल घेऊन खाली उतरावं, की सांगावं ही बाई मी नव्हे? सांगितलं तर अठरा दुकानं इथंच, या दिव्यांत, सगळ्यांसमोर बुडतात. तिनं ढाल छातीशी धरली. "शरणू शरणार्थी," ती म्हणाली. "पेठ चांगली हाय. आमच्या भालकीच्या बायांला आवडते." एवढं बोलून ती उतरली. खोटं एक अक्षर बोलली नव्हती, पण तिची कानशिलं तापली होती.

त्यानंतर विभानं तिला एका छोट्या खोलीत नेलं. टेबलावर टॅब. "अक्का, एक फॉर्म आहे. खास खेळाडूंचं मंडळ करतोय, नवं काही आलं की आधी तुम्हाला दाखवणार. फक्त खाली मान्य करायचं."

शिवलीलानं चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. विभा दोनदा घड्याळाकडं बघून थांबली. सातव्या ओळीत ते होतं. 'नोंदवलेला मोबाइल क्रमांक केवळ मीच वापरते, असे मी जाहीर करते.'

शिवलीलानं टॅब खाली ठेवला. "ही ओळ माझ्यासाठी घातलाव का सगळ्यांसाठी?"

"सगळ्यांसाठी," विभा म्हणाली. मग उठून तिनं दार लोटलं, परत बसली आणि तिची भाषा बदलली. "अक्का, मला म्हायती हाय. दोन वर्षं झाली. पहाटे बांगड्या विकणारी बाई 'ळ' च्या जागी 'ल' लिहिती, दुपारी साड्या विकणारी शुद्ध लिहिती. तक्रारी मीच वाचते. एक माणूस दोन तऱ्हेनं लिहीत न्हाई."

"मग त्या साहेबाला सांगितलं न्हाईस कामून?"

"त्यांला असलीच एक बाई पाहिजे हुती. कधी न सोडून जाणारी. मी सांगितलं असतं तर बाई बी गेली असती, माझं काम बी." तिनं टॅबची कड चाचपली. "पुढल्या महिन्याच्या एक तारखेला जुने नंबर साफ करणार हायत. मशीनच करंल, कुणाला विचारणार न्हाई. तुमचं एक दुकान राहील, बाकीची जातील. त्याआधी त्या बायांचे आपापले नंबर टाकले, तर दुकानं त्यांच्या नावावर सरकवता येतील. ते माझ्या हातात हाय. म्हणून तुमाला बोलावले. नावं आणि नंबर आत्ता सांगा, आत्ता करते."

शिवलीलानं तिचा चेहरा नीट पाहिला. हजारो अंगठे पाहिलेल्या बाईला या चेहऱ्यावर काही उमटलेलं दिसेना. ही पोरगी अठरा दुकानं वाचवायला निघाली होती, की एका नंबराचे अठरा नंबर करून कंपनीला द्यायला? दोन्ही असू शकत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत होतं, आणि त्याचंच तिला जास्त भ्याव वाटलं. पिशवीत बायांच्या नावांची डायरी होती. बाहेर काढायला एक मिनिट लागलं नसतं. न काढली, तर तीन मजल्यांवरची ती पाटी जाणार.

"माणूस समोर नसताना मी फॉर्म भरत न्हाई," ती म्हणाली.

"अक्का, बावीस दिवस राहिलेत."

"मग तू ये. भालकीला. बोलावणं करायचं तर घरी येऊन करावं लागतंय. कुरिअरनं न्हाई."

परतीच्या बसमध्ये काशप्पा टोपी डोळ्यांवर ओढून झोपला. त्याचा फोन जहीराबादपर्यंत अकरा वेळा वाजला. शिवलीला मोजत होती.

विभा येणार नाही, याची तिला खात्री होती. पण सोळाव्या दिवशी, बाजाराच्या दिवशी सकाळी, विभा दुकानात गिऱ्हाइकाच्या स्टुलावर येऊन बसली. एकटीच, बीदरच्या बसनं आलेली, सँडल धुळीनं लाल. बाया आधीच जमल्या होत्या. शिवलीलानं सगळ्यांना सगळं सांगून ठेवलं होतं, पडद्यावरच्या बाईचंही.

"म्हणजे मी पाटे उठते ते हैदराबादच्या लोकांला दावलेत?" रुद्रम्मा दारातूनच गरजली. "माझ्या नवऱ्याला बी म्हायती न्हाई मी कवा उठते!"

"तुमचं नाव नव्हतं त्यावर, अक्का," विभा म्हणाली.

"मग आता नाव टाकून दावणार?"

"नाव दाखवणार न्हाईत. वेळ दाखवतील. किती वाजता, किती वेळ, काय विकलं. ते सगळ्यांचंच बघतात. मी खोटं सांगणार न्हाई."

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. संध्यानं हळूच विचारलं, "आणि नंबर? तुमच्याकडून दुसऱ्याकडं जातो का?"

"कंपनी म्हणते जात न्हाई." विभा थांबली. "मला तेवढंच सांगता येतंय."

शिवलीला कम्प्युटरमागं बसून होती. मान्य करा असं तिनं एकदाही म्हटलं नाही, नका करू असंही नाही. तिनं फक्त फॉर्म उघडला आणि बारीक अक्षर पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचलं, सातवी ओळ दोनदा. वाचून झाल्यावर तिच्या तोंडात तिचा तो 'नंबर कुणाचा' हा प्रश्न आला. पण त्याआधी रुद्रम्मा पुढं सरकली.

"आमचा नंबर तुला पाहिजे," ती विभाला म्हणाली. "आधी तुझा दे. कंपनीचा नगं, तुझा सवताचा. आमी फोन केला तर उचलणारा."

विभाचा चेहरा पडला. "अक्का, आम्हाला मनाई हाय. खेळाडूंला घरचा नंबर देता येत न्हाई."

"तुला मनाई, अन् आमी मोकळ्या?"

बाहेर उदगीरची गाडी लागल्याचं कंडक्टर ओरडत होता. विभानं पदर सारखा केला, टेबलावरचं पेन घेतलं आणि रद्दी झेरॉक्सच्या पाठीवर दहा आकडे लिहिले. रुद्रम्मानं लगेच ते दाबले. विभाच्या पर्समध्ये दुसरा फोन वाजला.

दोन फोन बाळगते, शिवलीलानं नोंद घेतली. दुसरा घरचाच कशावरून? पण बायांनी तो नंबर उतरवून घ्यायला सुरुवात केली होती.

दोन वाजेपर्यंत तेरा जणींचं झालं. बऱ्याच जणींनी त्याच आठवड्यात स्वतःच्या नावावर नवं सिम काढलं होतं. संध्यानं त्यांना धरून नेलं होतं. पाच जणी आल्याच नाहीत. एकीच्या नवऱ्यानं फोनच काढून घेतला होता, दोघींनी नंबर द्यायला साफ नकार दिला, बाकी दोघी ऊसतोडीला बाहेरगावी होत्या. विभानं त्या पाचांसाठी शिवलीलाकडं पाहिलं. शिवलीलानं मान हलवली. समोर नाहीत, म्हणजे नाहीत.

एक तारखेला शिवलीलानं खेळ उघडला. रांगेत पाच दुकानांना फळ्या लागलेल्या होत्या. त्यांच्यापुढं खेळातली गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन तशीच उभी होती. तिच्या खऱ्या दुकानात उत्पन्नाच्या दाखल्याला चार माणसं थांबलेली. तिनं त्यांना हातानं थांबवलं आणि तो झेरॉक्सच्या पाठीवरचा नंबर लावला. तेरा नंबर मिळाल्यावर हा फोन कोण उचलतंय, हे तिला बघायचं होतं.

सहाव्या घंटीला कुजबुजता आवाज आला. "अक्का, मीटिंगमध्ये हाय. दहा मिनिटांत करते."

शिवलीलानं फोन टेबलावर उताणा ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. दाखल्याचा पहिला अर्ज झाला. दुसऱ्याचं नाव टाइप करताना फोन वाजला.

"चौदा मिनिटं झाली," ती म्हणाली.

"व्हय अक्का, चुकलं. बोला."

"ऊसतोडीला गेलेल्या दोघी होळीनंतर येतील. त्यांची दुकानं परत उघडता येतील का?"

विभा म्हणाली, "न्हाई अक्का. आज सकाळीच बघितले मी. पुसली गेलीत. नवीन काढावी लागतील, पहिल्यापासनं."

गोड नव्हता तो आवाज. दमलेला होता, आणि त्यात एकही वाक्य पाठ केलेलं नव्हतं.

"बरं," शिवलीला म्हणाली. "त्या आल्या की मी सांगते त्यांला. तू बी त्या दिवशी ये. तुझ्या तोंडानं सांग." उत्तराची वाट न बघता तिनं फोन ठेवला आणि समोरच्या माणसाला विचारलं, "व्हय, वडिलांचं नाव काय म्हणालाव?"